शब्दाची जात कीं शब्दाचें काम?

आपल्या शाळांतून इंग्रजी व्याकरणाचा आरंभ बहुधा एकाच रीतीनें होतो. नाउन, प्रोनाउन, ॲड्जेक्टिव्ह, व्हर्ब, ॲड्व्हर्ब, प्रेपोझिशन, कंजंक्शन व इंटरजेक्शन या आठ नांवांची माळ मुलांकडून पाठ करवून घ्यावयाची, प्रत्येक नांवाची व्याख्या वहींत उतरवून द्यावयाची, आणि व्याख्येखालीं पांचपांच शब्द उदाहरणादाखल लिहवावयाचे. मूल घरीं जाऊन ती माळ न अडखळतां म्हणून दाखवितें व आईबापांस संतोष होतो. पुढें सहामाही परीक्षेंत तेंच मूल एका साध्या वाक्यांतील शब्द ओळखतांना हटकून चुकतें. मग अभ्यास केला नाहींस म्हणून त्यास बोल लावण्यांत येतो. आमचें मत असें कीं, हा दोष मुलाच्या बुद्धीचा नव्हे व आळसाचाहि नव्हे. दोष त्या पांच शब्दांच्या यादीचा आहे.

‘बॅक’ हा एक साधा शब्द घ्या. यादींत तो नाम म्हणून लिहिलेला असेल, कारण बॅक म्हणजे पाठ. ‘माय बॅक एक्स’, माझी पाठ दुखते, या वाक्यांत तो नाम आहे हें खरें. पण ‘दि बॅक डोअर’ म्हणजे मागचें दार. येथें तोच शब्द दाराचें वर्णन करितो, म्हणून तो विशेषण झाला. ‘कम बॅक’ यांत तो येण्याची दिशा सांगतो, म्हणून क्रियाविशेषण. आणि ‘ही बॅक्ड दि कार्ट’, त्यानें गाडी मागें घेतली, येथें तर तो क्रियापद होऊन बसला. एकच शब्द चार वाक्यांत चार प्रकारचीं कामें करितो. ‘आफ्टर’ची गोष्ट तशीच. ‘आफ्टर डिनर’ यांत तो प्रेपोझिशन, ‘आफ्टर ही केम’ यांत कंजंक्शन, व ‘सून आफ्टर’ यांत ॲड्व्हर्ब. ज्या मुलानें ‘बॅक म्हणजे नाम’ असें घोकिलें आहे, त्याचें पहिलें उत्तर बरोबर येईल व पुढचीं तीन चुकतील. आणि त्यानें केलेला अभ्यासच त्यास दगा देईल.

यांत आपल्या भाषेंतील एका शब्दाचाहि थोडा अपराध आहे. इंग्रजीत ज्यांस ‘पार्ट्स ऑफ स्पीच’, म्हणजे वाणीचे भाग, म्हणतात त्यांस आपण ‘शब्दांच्या जाती’ म्हणतों. जात म्हटली कीं ती जन्मानें मिळालेली, कपाळावर लिहिलेली व मरेपर्यंत न सुटणारी, अशी समजूत आपल्या हाडींमांसीं खिळलेली. मुलाच्या मनांत सहजच येतें कीं, प्रत्येक शब्द आपली जात घेऊन जन्मास येतो आणि ती एकदां पाठ झाली कीं काम झालें. माणसांच्या बाबतींत ही समजूत किती अनर्थकारक ठरली हें येथें सांगण्याचें प्रयोजन नाहीं; पण इंग्रजी शब्दांच्या बाबतींतहि ती चालत नाहीं, एवढें खास. तेथें शब्दाचें नांव त्याच्या कामावरून पडतें. आज जो पाणी भरतो तो उद्यां खुर्चीवर बसला तर त्यास अध्यक्षच म्हणावें लागतें.

मराठी मुलास हें अवघड कां जातें, तेंहि पाहिलें पाहिजे. मराठींत शब्दाचें काम पुष्कळदां त्याच्या रूपावरून कळतें. ‘वाघानें माणसास मारिलें’ म्हणा कीं ‘माणसास वाघानें मारिलें’ म्हणा, मेला तो माणूसच. कारण ‘नें’ व ‘स’ हे प्रत्यय आपापल्या शब्दांस चिकटून राहतात. इंग्रजीत ‘दि टायगर किल्ड दि मॅन’ या वाक्यांतील दोन नामांची अदलाबदल केली कीं माणूस जिवंत राहतो आणि वाघ मरतो. प्राचीन इंग्रजीतहि नामांस विभक्तिप्रत्यय होते. परंतु मध्ययुगांत ते बहुतेक झडून गेले, व प्रत्ययांचें काम शब्दांच्या स्थानावर येऊन पडलें. म्हणून इंग्रजी शब्द वाक्याबाहेर काढून हातांत धरला, तर तो आपली ओळख पुष्कळदां सांगतच नाहीं. मासा पाण्याबाहेर काढून त्याचें पोहणें कसें पाहणार?

बरें, ही आठांची संख्या तरी कोठून आली? इ. स. पूर्वीं सुमारें १०० या काळांतील डायोनिशियस थ्रॅक्स या ग्रीक वैयाकरणाच्या नांवावर असलेल्या लहानशा ग्रंथांत शब्दांचे आठ वर्ग सांगितले आहेत. पण त्यांत विशेषणास निराळें आसन नाहीं, व इंटरजेक्शनासहि नाहीं. उलट आर्टिकल व पार्टिसिपल यांचे स्वतंत्र वर्ग आहेत. लॅटिन भाषेंत आर्टिकल मुळींच नाहीं. म्हणून रोमन पंडितांनीं तें काढून इंटरजेक्शनास पंक्तीस घेतलें, व आठांचा आंकडा राखिला. पुढें इंग्रजी वैयाकरणांनीं विशेषण वेगळें केलें. जोसेफ प्रीस्टली (प्राणवायूच्या शोधासंबंधानें ज्याचें नांव शास्त्राच्या पुस्तकांत येतें तोच हा) यानें १७६१ सालीं आपल्या परिचयाचे आठ वर्ग मांडिले, तर लिंडली मरे यानें १७९५ सालीं आर्टिकल निराळें धरून नऊ केले. चार्ल्स फ्रीझ या अमेरिकन भाषाशास्त्रज्ञानें १९५२ सालीं चार मोठे वर्ग व पंधरा लहान गट करून सगळी मांडणीच बदलली. आपल्याकडे यास्कानें नाम, आख्यात, उपसर्ग व निपात असे चार भेद सांगितले; पाणिनीचें काम सुबन्त व तिङन्त या दोहोंवर भागलें. दादोबा पांडुरंग यांनीं १८३६ सालीं मराठीचें व्याकरण प्रसिद्ध केलें तें इंग्रजी व्याकरणाच्या धर्तीवर, आणि मराठी शाळांतूनहि आठांचीच वाटणी पुढें रूढ झाली. तात्पर्य, आठ हा आंकडा सोयीचा आहे, जुना आहे, मान्य आहे. पण ती कांहीं आकाशवाणी नव्हे.

आतां मराठी मुलांस विशेष नडणाऱ्या दोन जागा सांगतों. त्या इंग्रजी मुलांकरितां लिहिलेल्या व्याकरणांत सांपडावयाच्या नाहींत. पहिली जागा ‘क्रियाविशेषण’ या नांवाची. या नांवावरून मुलगा समजतो कीं, जो शब्द क्रियेस जोडला असेल तोच काय तो ॲड्व्हर्ब. मग ‘व्हेरी गुड’ यांत ‘व्हेरी’ काय, असें विचारतांच तो ‘विशेषण’ म्हणतो. कारण तेथें क्रिया कोठेंच दिसत नाहीं. वास्तविक ॲड्व्हर्ब हें क्रियापदास, विशेषणास, इतकेंच नव्हे तर दुसऱ्या ॲड्व्हर्बासहि जोडलें जातें. मराठींतील ‘फार चांगला’ यांतला ‘फार’ दाखवावा, म्हणजे ही गांठ सुटते.

दुसरी जागा अधिक खोल आहे. आपण ‘चांगला मुलगा’ म्हणतों आणि ‘तो चांगला गातो’ असेंहि म्हणतों. एकच ‘चांगला’ दोन्हीकडे चालतो. इतकेंच नव्हे, तर गाणारी मुलगी असल्यास ‘ती चांगली गाते’ असा तो लिंगहि बदलतो. क्रियाविशेषण हें अव्यय, त्यास विकार होत नाहीं, असें पाठ म्हणणारा मुलगा घरीं दारीं तें विकार पावलेलें ऐकत असतो! तेव्हां तो इंग्रजीत ‘ही सिंग्ज गुड’ असें लिहितो, यांत नवल काय? त्यानें आपल्या मातृभाषेशीं इमान राखिलें आहे. अशा मुलास तांबड्या शाईची रेघ मारून पुढें जाऊं नये. ‘चांगला कोण, मुलगा कीं गाणें?’ असें त्यास विचारावें. ‘गाणें’ असें तो म्हणाला कीं ‘वेल’ हा शब्द त्यास आपोआप हवासा वाटेल.

यावर कोणी म्हणतील कीं, व्याख्या नकोतच काय? तसें आमचें म्हणणें नाहीं. सुताराच्या पोरास करवत, रंधा व किंकरें यांचीं नांवें आलींच पाहिजेत. परंतु लांकूड पुढें नसतां नुसतीं हत्यारांचीं नांवें वर्षभर घोकवीत बसणारा सुतार कोणीं पाहिला आहे? रेन व मार्टिन यांचें व्याकरण पिढ्यान् पिढ्या आपल्या शाळांतून चाललें आहे. त्यांतहि शब्दांचे वर्ग त्यांच्या वाक्यांतील कामावरून होतात असें आरंभींच सांगितलें आहे. पण आम्ही तेवढी ओळ ओलांडून थेट याद्यांकडे धांव घेतों. भरलेल्या वर्गांत पाठांतर तपासणें सोपें व समज तपासणें कठीण, ही शिक्षकांची अडचण आम्हांस ठाऊक आहे. तथापि आठवड्यास एकच शब्द फळ्यावर लिहून तो तीन वाक्यांत तीन कामांस लावून दाखविण्यास दहा मिनिटें पुरतात.

पालकांपैकीं पुष्कळांस इंग्रजी येत नाहीं, व म्हणून मुलाच्या या अभ्यासांत आपला कांहीं उपयोग नाहीं असें त्यांस वाटतें. तें खरें नाहीं. मूल इंग्रजी पुस्तक घेऊन बसलें असतां एका वाक्यावर बोट ठेवावें आणि विचारावें, “बाळ, हा शब्द येथें काय करतो?” उत्तर मराठींतच घ्यावें. ‘हा नांव सांगतो’, ‘हा कसा तें सांगतो’, ‘हा दोन वाक्यें जोडतो’, एवढें त्याच्या तोंडून आलें कीं इंग्रजी नांव त्याचें तेंच देईल. आणि मुलानें उलट विचारलें, ‘आई, “झाडावर” यांतला “वर” आणि “तो वर गेला” यांतला “वर” एकच कां ग?’ तर त्या दिवशीं दिवेलागणीनंतरचा अर्धा तास त्या एका ‘वर’वर खुशाल जाऊं द्यावा.