पोर जेवत नाही, मग आरोपी आईच कशी?

मगरिबची अजान झाली की आमच्या घरात रोज एक खटला उभा राहतो. आरोपी माझी बायको. फिर्यादी बदलत असतात: कधी अम्मी, कधी फुफू, कधी फोनवरून सासूबाई, कधी शेजारच्या खाला. गुन्हा मात्र एकच. अडीच वर्षांची आमची लेक जेवत नाही. निकालही आधीच ठरलेला असतो: आई नोकरी करते, म्हणून पोरीची आबाळ होते.

या खटल्यात माझं नाव कधीच येत नाही. नोकरी मीही करतो. बायको नर्स आहे, मी एका कचेरीत. दोघंही साडेसहा-सातला थकून घरी पोचतो. पण पोरीनं ताट ढकललं की सगळ्यांच्या माना एकाच दिशेला वळतात. बरेच दिवस माझीही वळत होती, हे आधीच कबूल करतो. म्हणून हा लेख मुख्यतः माझ्यासारख्या नवऱ्यांसाठी.

पहिली गोष्ट पोरीच्या भुकेची. मूल पहिल्या वर्षात जन्माच्या वजनाच्या जवळपास तिप्पट होतं. पुढे वर्षाला साधारण दोन-अडीच किलोच वाढतं. वाढ मंदावली की भूकही मंदावते. त्याच वयात अनोळखी पदार्थाची भीतीही वाटू लागते. एखादी भाजी आठ-दहा वेळा, कधी पंधरा वेळा ताटात दिसल्यावर मूल ती तोंडात घालतं. आपण मात्र दुसऱ्याच दिवशी जाहीर करतो, "हिला दुधी आवडत नाही." वजन घटत असेल, मूल मलूल असेल, तर डॉक्टर गाठा. खेळतं-धावतं पोर चार घासांवर उठलं, तर त्यात कुणाचाच गुन्हा नाही.

आणि आरोपी शोधायचाच असेल तर जरा संध्याकाळकडे बघा. सहाला बशीत ओतलेला चहा आणि चार बिस्किटं. साडेसहाला चाचानं आणलेलं कुरकुऱ्यांचं पाकीट. दिवसभरात अर्धा लिटरहून जास्त दूध. मग साडेआठला भूक येणार कुठून? चहामुळे अन्नातलं लोहही अंगी लागत नाही, ते वेगळंच. याचा दोष मी अम्मीवर ढकलत नाही. तिच्या दुखऱ्या गुडघ्यांवरच आमचं घर उभं आहे. दिवसभर तीच लेकीला सांभाळते. पण चहा-बिस्किट बंद करायला सांगायचं काम सुनेचं नव्हतं, मुलाचं होतं. मी ते टाळलं, कारण सुनेनं बोलणी खाणं मला सोयीचं होतं.

दुसरी गोष्ट जबरदस्तीची. आपल्याकडे नाक दाबून भरवण्यालाही लाडच म्हणतात. मोबाईल समोर धरायचा, तोंड उघडलं की घास कोंबायचा. जे उठता-बसता सुन्नतची आठवण करून देतात, त्यांना विचारतो: प्रेषितांनी (स.) जेवणाला कधी नाव ठेवलं नाही, आवडलं तर खाल्लं, नाही तर सोडून दिलं, ही हदीस बुखारीत आहे ना? एकदा भाजलेली घोरपडीसारखी पाल त्यांच्यापुढे आली. आपल्या मुलखात हे खात नाहीत म्हणून त्यांनी हात मागे घेतला. खालिद बिन वलीद यांनी तिथंच बसून ती खाल्ली, त्यांनाही अडवलं नाही. ताटभर हात फिरवणाऱ्या लहान उमर बिन अबी सलमाला त्यांनी काय शिकवलं? बिस्मिल्ला म्हण, उजव्या हातानं खा, समोरचं खा. बस्स. मोठ्या माणसाला नको म्हणायची मुभा आहे आणि अडीच वर्षांच्या पोरीला नाही, हा न्याय कुठला?

ताटात काय वाढायचं, किती वाजता, कुठे बसून, हे आपण ठरवावं. खायचं की नाही आणि किती, हे पोरीला ठरवू द्यावं. आमच्या दस्तरखानावर आता हाच नियम आहे.

तिसरी गोष्ट स्वयंपाकाची. मुसलमानाच्या घरी रोज बिर्याणी शिजते, असं आमच्या शेजाऱ्यांना वाटतं. गंमत म्हणजे आपल्या नातेवाइकांनाही तेच वाटतं; मंगळवारच्या रात्री खिचडी दिसली की नाक मुरडतात. मी म्हणतो, मंगळवारी खिचडीच हवी. एक वाटी तांदूळ, अर्धी वाटी मूगडाळ, हळद, मीठ, साडेचार वाट्या पाणी, चार शिट्ट्या. कुकर उघडला की लेकीचा वाटा आधी काढायचा, वर तूप. मग उरलेल्यावर लसूण-जिरं-लाल मिरचीची फोडणी. बुधवारी सकाळी भिजवलेला आख्खा मसूर, भात आणि दही. गुरुवारी अंड्याची भुर्जी आणि पोळी. लेकीच्या भुर्जीत मिरची नाही, इतकाच फरक. रविवारी अर्धा किलो खिमा आलं-लसूण घालून शिजवायचा आणि तीन डब्यांत भरून फ्रीजरमध्ये टाकायचा. एकदा मटार घालून, एकदा उकडलेल्या बटाट्यात मळून टिकिया, एकदा भातात. पोरीसाठी वेगळा स्वयंपाक नाही. ताटात तिच्या ओळखीचं काहीतरी एक असतं, बाकीचं नुसतं दिसत राहतं. फक्त अख्खे शेंगदाणे देत नाही आणि द्राक्षं उभी चिरून देतो, कारण ती घशात अडकतात.

यातलं काहीही करायला अर्ध्या-पाऊण तासाहून जास्त वेळ लागत नाही. म्हणूनच विचारतो: इतकं सोपं आहे तर ते पुरुषाला का जमत नाही?

२०२४च्या सरकारी वेळ-वापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या बायकांचे दिवसाला सरासरी २८९ मिनिटं त्यात जातात, पुरुषांची ८८. ही ८८ मिनिटंसुद्धा फक्त हात लावणाऱ्या पुरुषांची. चारपैकी जवळजवळ तीन पुरुष या हिशेबात येतच नाहीत. यात हिंदू-मुसलमान सगळे भाऊ-भाऊ आहेत.

"पूर्वीच्या बायका नव्हत्या का करत?" करत होत्या. पण चुलीपाशी सासू, जावा, नणंदा मिळून चार-पाच जणी असायच्या, आणि ड्यूटी संपवून बस पकडून कुणी येत नव्हतं. "नवरा थकून येतो." मग बायको काय बागेतून फिरून येते? "दीनदार घरात पुरुष चुलीपाशी शोभत नाही." हजरत आयेशांना विचारलं गेलं, प्रेषित घरात काय करायचे? त्या म्हणाल्या, घरच्यांच्या कामात असायचे. नमाजची वेळ झाली की बाहेर पडायचे. हीही हदीस बुखारीतलीच आहे. जुम्म्याच्या बयानात मला ती फारशी ऐकू येत नाही.

गेल्या सहा महिन्यांपासून सोमवार, मंगळवार, गुरुवारचं रात्रीचं जेवण माझ्याकडे आहे. पहिल्या आठवड्यात खिचडी करपली. लेक अजूनही कधी कधी ताट ढकलते. परवा मी रांधलेला मसूर तिनं ढकलला, तेव्हा फुफू बसल्या होत्या. त्या सवयीनं माझ्या बायकोकडे वळल्या. मी म्हटलं, "फुफू, आज मी रांधलंय. बोलायचं ते मला बोला."

त्या काहीच बोलल्या नाहीत. हे बोलणं त्यांनी पुरुषासाठी कधी तयारच केलेलं नव्हतं.