पडका गड पडकाच राहू द्या

बव्हेरियातला नॉयश्वानस्टाइन म्हणजे जर्मनीतला सर्वांत जास्त फोटो काढला जाणारा किल्ला. म्युनिकला किंवा श्टुटगार्टला नोकरी करणाऱ्या मराठी मुलाकडे आईवडील राहायला आले, की पहिल्या मोकळ्या शनिवारी तिथली तिकिटं काढली जातात. पांढऱ्या भिंती, निमुळते मनोरे, मागे आल्प्सची रांग. डोळ्यांचं पारणं फिटतं, यात शंका नाही. पण हा किल्ला मध्ययुगातला नाही. राजा लुडविग दुसरा याने त्याचा पाया घातला १८६९ मध्ये, म्हणजे मुंबई-ठाणे रेल्वे सुरू होऊन सोळा वर्षं उलटल्यावर. त्याची सुरुवातीची चित्रं काढली ती क्रिस्टियान यांक या रंगभूमीच्या नेपथ्यकाराने. आणि ज्या कड्यावर हा महाल उभा आहे, तिथे खरे मध्ययुगीन किल्ले पडक्या अवस्थेत शिल्लक होते. नव्या बांधकामाला जागा हवी म्हणून ते अवशेष काढून टाकले आणि खालचा खडकही सुरुंग लावून उतरवला.

मध्ययुग बघायची हौस असलेल्या राजाने मध्ययुगच पुसून टाकलं. जर्मनीत जाणाऱ्या मराठी माणसाने तिकिटांच्या रांगेतून बाहेर पडून पायवाटेने रानातल्या पडक्या गडांकडे वळावं, कारण खरा इतिहास तिथे आहे. आणि तो तिथे आपोआप टिकलेला नाही. तो टिकवण्यासाठी जर्मन समाजाने शंभर-दीडशे वर्षं वाद घातला आहे.

बॉनजवळ, ऱ्हाइन नदीच्या काठावर द्राखेनफेल्स हा ३२१ मीटरचा डोंगर आहे. माथ्यावरचा किल्ला बाराव्या शतकातला. तीस वर्षांच्या युद्धात, १६३४ मध्ये, तो पाडला गेला. मात्र खरा धोका पुढेच होता. या डोंगराचा दगड कलोनच्या कॅथीड्रलसाठी मध्ययुगापासून काढला जात होता. एकोणिसाव्या शतकात खाणी पुन्हा जोमाने सुरू होणार असं दिसलं, आणि उरलेले अवशेषही डोंगरासकट जाणार अशी वेळ आली. लोकांनी ओरड केली. अखेर १८३६ मध्ये प्रशियाच्या सरकारने माथ्याची जमीन विकत घेऊन खाणकाम थांबवलं. जर्मनीतल्या निसर्गरक्षणाच्या इतिहासात ही अगदी सुरुवातीची घटना मानतात, आणि तिच्या केंद्रस्थानी होती एका बुरुजाची अर्धवट भिंत.

हायडेलबर्गची गोष्ट याहून बोलकी आहे. तिथला राजवाडा फ्रेंच सैन्याने १६८९ आणि १६९३ अशा दोन खेपांत उद्ध्वस्त केला. १७६४ मध्ये वीज पडून उरलंसुरलं जळालं. मग गावकरी घरं बांधायला तिथले चिरे नेऊ लागले. ही लूट थांबवली ती शार्ल द ग्रँबेर्ग या फ्रेंच सरदाराने. तो १८१० मध्ये तिथे आला तो अवशेषांची चित्रं काढण्यासाठी, आणि मग आयुष्यभर त्यांची राखण करत राहिला. फ्रेंच सैन्याने पाडलेलं फ्रेंच माणसाने सांभाळलं, हे विशेष. शतकाच्या अखेरीला वेगळाच प्रश्न उभा राहिला: नव्याने एक झालेल्या, श्रीमंत झालेल्या जर्मनीने हा वाडा पुन्हा पूर्ण का बांधू नये? एका भागाची, फ्रीडरिश्सबाउची, डागडुजी झालीही. पुढचा भाग बांधायच्या बेताला कलेतिहासकार गेओर्ग डेहिओ याने १९०१ मध्ये कडाडून विरोध केला. जे हरवलं ते हरवलं. जे उरलं आहे ते जपणं एवढंच आपल्या हाती आहे, नव्या दगडांनी जुन्याचं सोंग आणू नये, असा त्याचा मुद्दा होता. तो त्या वेळी अनेकांना रुचला नाही. पण बाकीचा वाडा भग्नच राहिला, आणि जर्मन वारसा-संवर्धनाचा विचार त्या वादातून घडला.

डेहिओचं म्हणणं का पटावं, हे पुस्तकापेक्षा पायांना लवकर कळतं. त्यासाठी फाल्झच्या जंगलात जावं. फ्रेंच सरहद्दीला लागून तांबूस वालुकाश्माच्या अरुंद भिंतींसारख्या कातळांवर इथे डझनावारी गड आहेत. दान गावाच्या वर एकाच कातळावर ओळीने तीन: आल्टदान, ग्राफेनदान आणि टानश्टाइन. बीच आणि पाइनच्या सावलीतून चढत गेलं की समोर येतो तो अर्धा बांधलेला, अर्धा कोरलेला डोंगर. पायऱ्या कातळात खोदलेल्या, वापराने मधोमध झिजलेल्या. खोल्याही कातळाच्या पोटात. भिंतीत ओळीने चौकोनी खोबणी दिसतात. तिथे तुळया बसत, म्हणजे इथे मजला होता. अशा गडांवर एखादी शेकोटी भिंतीत अधांतरी उरलेली असते आणि तिच्याखाली जमीनच नसते. तेराव्या शतकाच्या आसपासच्या मोठ्या चिऱ्यांवर दर्शनी बाजूला एक लहान भोक असतं. दगड उचलायच्या चिमट्याचं टोक त्यात अडकवत. छप्पर घालून, गिलावा करून, आत चिलखतं मांडून ठेवलेल्या किल्ल्यात यातलं काहीच दिसत नाही. पडका गड आपली बांधणी उघडी करून दाखवतो. शरीरशास्त्राच्या वर्गातल्या सांगाड्यासारखा.

शिवाय तो पडला का, हेही तो सांगतो. लांडश्टूलच्या नानश्टाइन गडावर १५२३ मध्ये फ्रान्झ फॉन सिकिंगन हा बलाढ्य सरदार कोंडला गेला. शत्रूंच्या तोफांनी काही दिवसांतच भिंती फोडल्या आणि तो तिथेच जखमी होऊन मेला. उंच मनोऱ्याच्या भरवशावर राज्य करणाऱ्या सरदारांचा काळ संपल्याचं त्या फुटलेल्या भिंतींवरून समजतं. दोनच वर्षांनी शेतकऱ्यांच्या उठावात ठिकठिकाणचे गड पेटले, आणि १६८८ नंतरच्या युद्धात फ्रेंचांनी ऱ्हाइनकाठचा मुलूख पद्धतशीर जाळला. या जखमा बुजवल्या तर मागे उरतं ते फक्त देखणेपण.

बुजवताना कोणाचा इतिहास लिहिला जातो, हाही प्रश्न आहे. आनवायलरजवळच्या ट्रिफेल्सवर इंग्लंडचा राजा रिचर्ड ११९३ मध्ये कैदेत होता. पडक्या झालेल्या या गडाची १९३८ पासून पुनर्बांधणी सुरू झाली ती नाझी राजवटीत, साम्राज्याच्या वैभवाचं स्मारक म्हणून. आज तिथला भव्य दिवाणखाना पाहणाऱ्याला बाराव्या शतकाची म्हणून जी वास्तू दिसते, तिचा मोठा भाग विसाव्या शतकातल्या वास्तुविशारदाच्या कल्पनेतला आहे.

याउलट हामबाखचा गड. मे १८३२ मध्ये वीस ते तीस हजार लोक काळा-लाल-सोनेरी झेंडा घेऊन त्या भग्न गडावर चढून गेले आणि त्यांनी एकसंध जर्मनी, लोकांचं राज्य आणि छापण्या-बोलण्याचं स्वातंत्र्य मागितलं. राजाच्या वाड्यात हे कोणी होऊ दिलं नसतं. मालक नसल्यासारख्या झालेल्या त्या भिंती मात्र सगळ्यांच्या होत्या.

आजही अशा भिंती सगळ्यांच्या आहेत, आणि त्यामागे कायदा आहे. १९७५ च्या संघीय वनकायद्यानुसार जंगलात पायी फिरायचा हक्क प्रत्येकाला आहे, जंगल खासगी मालकीचं असलं तरी. वाटांवरच्या रंगीत खुणा रंगवतात ते पदभ्रमण संघांचे सदस्य. श्वेबिशर आल्बफरआइन १८८८ चा, फेल्झरवाल्डफरआइन १९०२ चा. फाल्झमध्ये या संघाच्या झोपड्यांमध्ये शनिवार-रविवारी स्वयंसेवक गरम जेवण रांधतात. गड चढून आलेल्या भुकेल्या माणसाला यकृताचे गोळे आणि पाणी घातलेली वाइन स्वस्तात मिळते, आणि लांब बाकावर अनोळखी माणसं सरकून जागा देतात. ही संस्कृती त्या दगडांइतकीच जपण्याजोगी आहे.

पडकं ठेवायचं म्हणजे वाऱ्यावर सोडायचं, असं नव्हे. छप्पर नसलेल्या भिंतीच्या माथ्यातून पाणी आत मुरतं, थंडीत त्याचा बर्फ होऊन चिरे फुटतात. रोपांची मुळं फटी रुंदावतात. म्हणून भिंतींचे माथे बंद करावे लागतात, दरजा चुन्याने भराव्या लागतात. विसाव्या शतकात अनेक ठिकाणी त्या सिमेंटने भरल्या आणि नुकसान झालं, कारण सिमेंट मऊ वालुकाश्मापेक्षा कठीण असतं आणि ओल आत कोंडून ठेवतं. हे काम कुणाच्या नजरेत भरत नाही, त्यामुळे त्याला पैसा मिळवणं कठीण जातं. नवा मनोरा बांधला की मात्र उद्घाटन करता येतं.

जुलै २०२५ मध्ये पॅरिसला भरलेल्या युनेस्कोच्या एकाच अधिवेशनात मराठ्यांच्या बारा किल्ल्यांचा आणि लुडविग राजाच्या महालांचा जागतिक वारशाच्या यादीत समावेश झाला. त्या बारांतला रायगड मे १८१८ मध्ये इंग्रजांच्या तोफांनी पेटला. वाड्यांची जोती तेवढी राहिली. ती जोती पाहून तिथे पुन्हा वाडे उभारावेत असं अनेकांना मनापासून वाटतं. त्या भावनेचा मान राखूनही म्हणावं लागतं, की ज्या वाड्याची उंची, खिडक्या, छताची घडण नेमकी ठाऊक नाही, तो बांधला तर तो आजच्या काळाचा होईल, शिवकाळाचा नाही. त्याऐवजी चुन्यातली दुरुस्ती, टाक्यांतला गाळ काढणं, उत्खनन आणि वाटांची देखभाल यांवर पैसा खर्च व्हावा. जर्मनांनी नॉयश्वानस्टाइनच्या कड्यावर जे गमावलं, ते परत आणायचा मार्ग त्यांनाही सापडलेला नाही.

जर्मनीत राहणाऱ्या किंवा फिरायला जाणाऱ्या मराठी भटक्यांसाठी एक वाट सुचवण्याजोगी आहे. फाल्झच्या दक्षिण टोकाला नोथवायलर गावातून चढायला लागावं. वर ५७२ मीटरवर वेगेलनबुर्ग आहे, फाल्झमधला सर्वांत उंचावरचा पडका गड. तिथून रानातली वाट होहेनबुर्ग आणि लोव्हेनश्टाइन करत फ्लेकनश्टाइनच्या प्रचंड कातळापर्यंत जाते. एका दिवसात चारही होतात. मात्र ओळखपत्र खिशात असू द्यावं, कारण वेगेलनबुर्ग सोडला की थोड्याच अंतरावर सीमा ओलांडली जाते आणि पुढचे तिन्ही गड फ्रान्समध्ये आहेत.