सूप करायचं कोणी?

मराठीत सूप म्हणजे धान्य पाखडायचं. संमेलन संपलं, अधिवेशन संपलं की त्याचं 'सूप वाजतं'. संस्कृतात मात्र सूप म्हणजे शिजवलेलं वरण, आणि सूपकार म्हणजे आचारी. इंग्रजीतलं सूप हे तिसरंच. गंमत पुढेच आहे. मुगाच्या कढणाला जुना शब्द 'यूष', आणि त्याचा लॅटिनमधला सख्खा भाऊ म्हणजे ज्यातून इंग्रजीतला 'ज्यूस' आला तो शब्द. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात दुसऱ्याच अध्यायात २८ प्रकारच्या यवागू, म्हणजे पेजा, सांगितल्या आहेत. तेव्हा "सूप वगैरे आपलं नाही हो, ती हॉटेलातली थेरं" असं म्हणणाऱ्यांना आधीच नमस्कार. आजारी माणसाला पातळ आणि गरम काहीतरी द्यावं, हे कोणी कोणाला शिकवावं लागलेलं नाही.

मग भांडण कशाबद्दल? सांगते.

वर्धा शहर कुठे संपतं आणि आमचं पिपरी मेघे कुठे सुरू होतं हे नवख्याला कळत नाही. उन्हाळ्यात आम्ही भाजून निघतो त्यामुळे थंडीचं आम्हाला भारी कौतुक. पण डिसेंबर-जानेवारीत रात्रीचा पारा दहा-अकराच्या आसपास आला की गल्लीतल्या प्रत्येक घरातून खोकल्याचा आवाज येतो. एकाची सर्दी ओसरेपर्यंत दुसऱ्याची सुरू. आणि मग दरवर्षी तेच तीन पक्ष मैदानात उतरतात. पाकीटवाले, काढेवाले आणि गोळीवाले. मला तिघांशीही भांडायचं आहे. आणि खरं सांगू का, सगळ्यात जास्त भांडायचं आहे ते चौथ्या पक्षाशी. त्याच्याकडे येतेच.

आधी पाकीटवाले. पाकीट फोडा, पाण्यात टाका, ढवळा, झालं सूप. या पाकिटाची मागची बाजू कधी वाचली आहे? मक्याचं पीठ, साखर, मीठ ही नावं सहसा वरच्या रांगेत असतात. भाजी असते, पण ती शोधावी लागते. मोठ्या माणसाने दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावं असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, आणि आपण तर लोणचं-पापडातच त्याच्या पुढे जातो. संध्याकाळी गाडीवर मिळणाऱ्या मंचाव सूपचंही तेच. मक्याच्या पिठाने दाट केलेलं, वर तळलेले नूडल्स. चवीला छान असतं, मीही खाते. पण ते चैन म्हणून. तापातून उठलेल्या माणसाचं जेवण म्हणून नव्हे.

काढेवाले त्याहून वरचे. ३१ मार्च २०२० ला आयुष मंत्रालयाने तुळस, दालचिनी, मिरे, सुंठ, मनुका यांचा काढा दिवसातून एक-दोनदा घ्या अशी सूचना काढली. एक-दोनदा! आपण काय केलं? ठोकणीत सापडेल ते ठेचून दिवसातून सहा-सहा वेळा प्यायलो आणि पोटात आग पडली की तिलाच 'प्रतिकारशक्ती वाढतेय' म्हणालो. गुळवेलीचं तर विचारूच नका. २०२१ साली मुंबईतल्या डॉक्टरांनी गुळवेल घेणाऱ्या सहा रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याची नोंद वैद्यकीय नियतकालिकात छापली. आयुष मंत्रालयाने ती मान्य केली नाही. तो वाद तज्ज्ञांनी मिटवावा. माझं म्हणणं एवढंच, की जे औषध म्हणून घेता त्याला औषधासारखं मापही हवं.

आणि गोळीवाले. साधी सर्दी करणारे विषाणू दोनशेहून अधिक आहेत आणि त्यातल्या एकावरही अँटिबायोटिक चालत नाही. ते जिवाणूंसाठी असतं. अँटिबायोटिक डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकू नये असा नियम आहे, काही महत्त्वाच्या औषधांसाठी तर १ मार्च २०१४ पासून दुकानदाराने वेगळी नोंदवही ठेवायची आहे. तरी "भाऊ, सर्दीवर काहीतरी कडक द्या" म्हटलं की काऊंटरवरून एक पट्टी सरकते. मला स्वतःला अशी पट्टी मिळालेली आहे. न मागता. (दुकानाचं नाव लिहीत नाही, एकाला बोलून काय होणार.) त्यातल्या दोन गोळ्या खायच्या, बरं वाटलं की उरलेल्या डब्यात. पुढच्या वर्षी त्याच शेजारणीला. उद्या खरंच न्यूमोनिया झाला तर हीच औषधं निकामी झालेली असतील, याची कोणाला काळजी?

तुम्ही म्हणाल, मग घरच्या सूपने तरी सर्दी बरी होते का? नाही होत. हे आधी स्वच्छ सांगितलं पाहिजे, नाहीतर मी चौथी दुकानदार ठरेन. १९७८ साली अमेरिकेत मायामी बीचच्या डॉक्टरांनी १५ निरोगी माणसांना गरम पाणी, गार पाणी आणि कोंबडीचं गरम सूप देऊन नाकातला शेंबूड किती वेगाने सरकतो हे मोजलं. (हसू नका, असंही संशोधन होतं.) गरम सूपने तो वेग वाढला, पण अर्ध्या तासात परिणाम ओसरला. मग २००० साली नेब्रास्का विद्यापीठाच्या स्टीफन रेनार्ड यांनी बायकोच्या आजीच्या पद्धतीचं कोंबडीचं सूप प्रयोगशाळेत तपासलं. सूज वाढवायला धावणाऱ्या पांढऱ्या पेशींची धावपळ त्याने थोडी मंदावली. पण हे काचेच्या नळीत, माणसात नव्हे. आणि बाजारातल्या काही तयार सूपनीही तेच केलं! तेव्हा पाकीटवाल्यांशी लढायचं तर विज्ञानाचं नाव घेऊन खोटं लढू नये.

मग सूप करतं काय? तापात अंगातलं पाणी जातं, ते भरून काढतं. थोडं मीठ देतं. घास गिळवत नाही तेव्हा डाळीचं किंवा कोंबडीचं प्रथिन पोटात जातं. वाफेने नाक मोकळं होतं, घसा शेकला जातो. सर्दी आपल्या वेळेने जाते, तोवरचे दिवस सुसह्य होतात. एवढंच. आणि हे एवढंच पुष्कळ आहे.

आता चौथा पक्ष. हे आजीवाले. "आमच्या आजीच्या हातचं कढण... अहाहा, ती चव आता नाही." थंडी पडली की या लोकांना उमाळे येतात. लेख लिहितात, फोटो टाकतात, आजकालच्या बायकांना पाकिटं लागतात म्हणून हळहळतात. मला त्यांना एकच विचारायचं असतं. बाबा रे, त्या आजीला ताप आला तेव्हा तिला कढण कोणी करून दिलं?

बघा, उत्तर येत नाही. कारण आजी तापातही चुलीशीच होती. सर्दी घरातल्या सगळ्यांना होते, पण आजारी पडायची मुभा एकीला सोडून सगळ्यांना असते. मागच्या जानेवारीत मला १०२ ताप होता. पांघरूण डोक्यावरून घेतलेलं. बाहेरून आवाज आला, "आज डब्याला काय?" विचारणारा माणूस वाईट नाही हो. तो नोकरी करतो, गाडीचं इंजिन उघडून परत बसवतो, बँकेची सगळी कामं फोनवर करतो. पण कुकरला मूग लावून चार शिट्ट्या मोजायचं त्याला कोणी शिकवलेलंच नाही आणि त्यानेही कधी विचारलेलं नाही. त्या दिवशी घरात पाकिटातलं सूप आलं. आळशी बायकांमुळे पाकिटं खपतात असं जे म्हणतात ना, त्यांनी हे लक्षात घ्यावं. पाकीट येतं ते एक बाई आडवी पडली की तिच्या जागी उभं राहणारं घरात दुसरं कोणी नसतं म्हणून.

मी वर्ध्याची. त्यामुळे बापूंना मध्ये आणल्याशिवाय माझं भांडण पुरं होत नाही. त्यांच्या आत्मकथेत सूपची एक गोष्ट आहे. १९०२ साली मुंबईत दहा वर्षांच्या मणिलालला टायफॉइड झाला, जोडीला न्यूमोनियाची लक्षणं. पारशी डॉक्टरांनी अंडी आणि कोंबडीचं सूप द्या म्हणून सांगितलं. गांधीजींनी नकार दिला, ओल्या चादरीचे उपचार केले, संत्र्याच्या रसावर ठेवलं. मुलगा वाचला. पण तो देवाच्या कृपेने वाचला, पाण्याच्या उपचाराने की पथ्य आणि शुश्रूषेने, हे कोण सांगणार, असं त्यांनीच लिहून ठेवलं आहे. मी त्या जागी असते तर डॉक्टरांचं ऐकलं असतं. आणि त्याच गोष्टीत एक ओळ आहे जी आपण वाचून पुढे जातो. मुलाला ओल्या चादरीत गुंडाळून, थकलेले गांधीजी रात्री दहाच्या सुमाराला चौपाटीवर फिरायला गेले. मुलापाशी कोण? कस्तुरबा.

पण हाच माणूस पुढे बदलला, हेही वर्ध्यानेच पाहिलं. इथून सात-आठ किलोमीटरवर सेवाग्राम. मूळचं शेगाव, १९४० साली नाव सेवाग्राम झालं. तिथे १९३९ मध्ये कुष्ठरोग झालेले संस्कृत पंडित परचुरे शास्त्री आले तेव्हा गांधीजींनी त्यांना जवळच्या कुटीत ठेवून घेतलं आणि स्वतःच्या हाताने त्यांना मालिश केलं. देशाचं राजकारण डोक्यावर असताना. आजही सहलीचे विद्यार्थी परचुरे कुटी पाहतात, फोटो काढतात, घरी जातात आणि आईला म्हणतात, "आई, पाणी दे." सेवेच्या गावाशेजारी राहून आपण सेवा हा शब्द पाटीवर ठेवला आणि काम बायकांवर.

म्हणून आता कृती देते. ही कृती बायकांसाठी नाही. त्यांना येते. ही घरातल्या पुरुषांसाठी आणि दहा-बारा वर्षांच्या वरच्या पोरांसाठी. (पोरांनो, गॅस आणि कुकरपाशी मोठं माणूस जवळ असू द्या.)

अर्धी वाटी हिरवे मूग दोन-तीन तास भिजवा. मुठीएवढ्या ज्वारीच्या कण्या धुऊन घ्या. एक गाजर चिरा. बाजारात तुरीचे सोले आले असतील तर तेही मूठभर. कुकरमध्ये हे सगळं, बोटाच्या पेराएवढं ठेचलेलं आलं, चिमूटभर हळद आणि सहा वाट्या पाणी. कुकर अर्ध्याच्या वर भरू नका, कण्या फुगतात. मध्यम आचेवर चार-पाच शिट्ट्या. कुकर आपोआप निवू द्या, घाई करून झाकण ओढू नका. मग रवीने घोटा. चार पानं पालक चिरून घाला, एक उकळी. कढल्यात चमचाभर तूप, जिरं, पाच-सहा ठेचलेल्या लसूण पाकळ्या, चार मिऱ्यांची भरड. ही फोडणी वरून. मीठ बेताचं. खाली उतरवल्यावर लिंबू आणि भरपूर सांबार. (पुण्या-मुंबईच्या वाचकांसाठी : आमच्याकडे सांबार म्हणजे कोथिंबीर, इडलीबरोबरचं नव्हे.) कण्यांमुळे हे पोटभरीचं होतं, वेगळं जेवण करावं लागत नाही. चार माणसांना पुरतं.

मांसाहारी घरात अर्धा किलो हाडांसकट कोंबडी, आठ वाट्या पाणी, कांदा, आलं, लसूण, मिरे, आणि मंद आचेवर तासभर. तर्री नको. सावजीचा मोह तापात आवरायचा.

आणि हेही शिकून ठेवा की सूप कधी पुरेसं नसतं. दम लागत असेल, छातीत दुखत असेल, लहान मूल भराभर श्वास घेत असेल, ताप तीन दिवसांत उतरत नसेल, रोगी गुंगीत असेल तर भांडं खाली ठेवा आणि दवाखाना गाठा. फ्लू म्हणजे मोठी सर्दी नव्हे. आपल्याकडे तो पावसाळ्यात वाढतो आणि पुन्हा जानेवारी ते मार्चमध्ये. म्हातारी माणसं, गरोदर बाया, मधुमेही आणि दमेकरी यांनी तर वाट पाहूच नये. फ्लूचं औषध पहिल्या ४८ तासांत सगळ्यात चांगलं काम करतं. लसही आहे, डॉक्टरांना विचारा. एका बाजूला सावंगी मेघे, दुसऱ्या बाजूला सेवाग्राम. दोन-दोन मोठी रुग्णालयं हाकेच्या अंतरावर असताना काढ्यावर आठ दिवस काढणं हा शुद्ध हट्ट आहे.

काही वाचक म्हणतील, एवढ्याशा सूपवरून केवढं रामायण. असू दे. घरातल्या एका माणसाला तापातही उठावं लागतं आणि बाकीच्यांना त्याचं काही वाटत नाही, ही मला एवढीशी गोष्ट वाटत नाही. कृती वर दिली आहे. मूग किराणा दुकानात मिळतात, कण्या चक्कीवर भरडून मिळतात. या रविवारी, घरात सगळे धडधाकट असताना, एकदा करून बघा. कुकरची पहिली शिट्टी ऐकून घाबरायचं वय आता कोणाचं राहिलेलं नाही.