मटणाची प्रत गोठ्यात ठरते

मोठ्याचे मटण काळपट, चिवट निघाले की आपण कसायाला बोल लावतो. पण दोष पुष्कळदा गोठ्यात नि वाहतुकीत असतो. २०१५ पासून महाराष्ट्रात बैलाच्या कत्तलीवरही बंदी आल्याने आता म्हशी-रेड्याचेच मटण मिळते.

जनावर चिखलात, दाटीवाटीने बांधले, उपाशी-तहानलेले ट्रकमधून आणले, तर भीतीने व थकव्याने त्याच्या स्नायूंतली साखर आधीच संपते. कापल्यावर याच साखरेचे आम्ल बनते आणि मांसाचा सामू सातावरून साधारण ५.५ पर्यंत उतरतो. साखरच नसेल तर तो ६ च्या आसपास किंवा वर राहतो. असे मांस काळपट दिसते, लवकर नासते. कोरडा गोठा, पोटभर वैरण, पाणी आणि कापण्यापूर्वी विसावा मिळाला तर हे टळते.

भगिनींनो, म्हशीचे मटण मुळातच गडद असते, म्हणून केवळ रंगावर जाऊ नका. चिकट, आंबूस वासाचे मात्र घेऊ नका; त्याने लेकरे आजारी पडतात. म्हाताऱ्या जनावराचे मटण चिवट असते, ते मंद आचेवर जास्त वेळ शिजवा. आपण घामाचे पैसे मोजतो, तेव्हा जनावर कुठले, कधी कापले, हे विचारणे आपला हक्क आहे.