खांबाएवढे चर्च आणि बरोकची बदनामी

बरोक शैली म्हटली की गोवा पाहून आलेल्यांना बॉम जेझसची सोन्याने झळाळणारी वेदी आठवते. रूढ व्याख्याही त्या आठवणीला दुजोरा देते: बरोक म्हणजे भपका, धर्मसत्तेच्या वैभवाचे प्रदर्शन. ही व्याख्या अपुरी आहे आणि अन्यायकारकही. तिला सर्वांत ठाम उत्तर देणारी वास्तू रोममधील क्विरिनाल टेकडीवरच्या एका चौकात उभी आहे. हा धागा तिच्याविषयी.

सान कार्लो आल्ले क्वात्रो फोंताने, म्हणजे चार कारंज्यांपाशी असलेले संत चार्ल्सचे चर्च. चौकाच्या चारही कोपऱ्यांवर सोळाव्या शतकाच्या अखेरची कारंजी आहेत. त्यांतले एक या चर्चच्याच कोपऱ्यात आहे. रोमकर त्याला लाडाने 'सान कार्लिनो' म्हणतात, छोटा सान कार्लो. छोटा किती? सेंट पीटर्सचा घुमट ज्या चार महास्तंभांवर उभा आहे, त्यांपैकी एकाच्या जागेत हे अख्खे चर्च मावेल, असे सांगितले जाते.

ते बांधवले स्पेनच्या अनवाणी ट्रिनिटेरियन साधूंनी. या संघाची स्थापनाच एका विशिष्ट कामासाठी झाली होती: भूमध्य समुद्रात पकडल्या गेलेल्या ख्रिस्ती बंदिवानांना खंडणी भरून सोडवणे. संघाच्या ११९८ च्या मूळ नियमानुसार उत्पन्नाचा एक तृतीयांश भाग याच कामासाठी राखून ठेवायचा होता. 'डॉन किहोते' लिहिणारा सर्व्हांतेस १५८० मध्ये अल्जिअर्सच्या कैदेतून सुटला, तो ट्रिनिटेरियन साधूंच्याच प्रयत्नाने. (हा व्यापार एकतर्फी नव्हता, युरोपीय गलबतांवरही मुस्लिम गुलाम वल्ही मारीत होते.)

अशा संघाच्या दृष्टीने इमारतीवरचा खर्च ही साधी बाब नव्हती. भिंतीला रंगीत संगमरवर लावायचा, तर तो पैसा कोणाच्या सुटकेतून वजा होणार, हा प्रश्न तिथे अटळ होता. सान कार्लिनोकडे पाहताना हा प्रश्न विसरला, तर ती वास्तू समजत नाही.

१६३४ मध्ये साधूंनी काम सोपवले फ्रांचेस्को बोरोमिनीकडे. लुगानो सरोवराकाठच्या बिस्सोने गावी १५९९ मध्ये जन्मलेला हा मनुष्य मूळचा पाथरवट. सेंट पीटर्समध्ये त्याने इतरांच्या हाताखाली वर्षे घालवली होती. स्वतंत्रपणे मिळालेले हे त्याचे पहिले मोठे काम. आधी मठाच्या खोल्या आणि अंगण झाले, १६३८ मध्ये चर्चचा पाया घातला गेला आणि १६४६ मध्ये त्याचा अभिषेक झाला.

आत गेल्यावर डोळे सोने शोधतात आणि सापडतो तो मुख्यतः पांढरा गिलावा. विटा आणि चुना! पण सोळा स्तंभांना धरून भिंत लाटेसारखी आत-बाहेर वळत जाते, त्यामुळे नजर कोठेच अडत नाही आणि जागेचा तोकडेपणा जाणवत नाही. आराखड्याच्या मुळाशी एकमेकांना पाया जोडलेले दोन समभुज त्रिकोण आहेत. त्यांतून लंबगोल निघतो. त्रिकोण हे त्रैक्याचे चिन्ह, आणि संघाचे नावच त्रैक्यावरून पडलेले. वर लंबगोल घुमटात क्रूस, षटकोन आणि अष्टकोन एकमेकांत गुंतून शिखराकडे लहान होत जातात, म्हणून घुमट आहे त्याहून उंच भासतो. त्याच्या तळाच्या खिडक्या नक्षीआड दडवल्या आहेत. उजेड दिसतो, पण कोठून येतो ते खालून चटकन कळत नाही.

हे सारे पैशाने झाले नाही, हाताने झाले. मठाच्या एका साधूने लिहून ठेवलेल्या वृत्तांतानुसार बोरोमिनी स्वतः गवंड्याची थापी, सुताराची करवत आणि पाथरवटाची छिन्नी कशी चालवायची ते दाखवीत असे. त्याच वृत्तांतात आराखड्याची नक्कल मागायला आलेल्या परदेशी लोकांची यादी आहे: जर्मन, फ्लेमिश, फ्रेंच आणि चक्क 'इंडियन'. आपण लगेच छाती फुगवू नये. स्पॅनिश माणसाच्या लेखी अमेरिकेतल्या वसाहतींतून आलेलाही 'इंडियन'च.

केवळ दारिद्र्यातून सौंदर्य जन्मते असे मात्र नाही. गरीब मठ युरोपात शेकड्यांनी होते, सान कार्लिनो एकच. शिवाय पैसा हाती आल्यावर १६६५ मध्ये सुरू झालेला दर्शनी भाग पाहिला, तर बोरोमिनीलाही दिमाखाचे वावडे नव्हते हे उघड आहे. तो भाग पूर्ण झालेला पाहणे त्याच्या नशिबी नव्हते. १६६७ च्या ऑगस्टमध्ये त्याने स्वतःवर तलवार चालवून जीवन संपवले. उरलेले काम पुतण्या बेर्नार्दोने तडीस नेले. या शेवटामुळे त्याची प्रत्येक वास्तू 'विक्षिप्त प्रतिभावंताचा आविष्कार' म्हणून खपवली जाते. हे सोपे स्पष्टीकरण आळशी आहे. ज्या वक्रतेला वेड म्हटले जाते, तिच्यामागे कंपास आणि पट्टी आहे. त्याची रेखाटने आजही व्हिएन्नाच्या अल्बर्टिना संग्रहालयात आहेत.

त्याच रस्त्यावर, चालत काही मिनिटांवर, बेर्निनीचे सांतांद्रेआ आहे: तेही लहान, तेही लंबगोल, पण रंगीत संगमरवराने आणि सोन्याने मढवलेले. दोन्ही बरोकच. रोमला जाणाऱ्याने आधी ते पाहावे, मग सान कार्लिनोच्या अंगणात यावे आणि वरच्या मजल्याच्या कठड्याकडे नीट पाहावे. तिथले छोटे खांब एकाआड एक उलटे बसवलेले आहेत.