राक्षसाला जागे कोणी केले?

१ मार्च १९५४ रोजी प्रशांत महासागरातील बिकिनी येथे अमेरिकेने हायड्रोजन बाँबची चाचणी घेतली. शास्त्रज्ञांचा अंदाज सुमारे ६ मेगाटनांचा होता. प्रत्यक्षात स्फोट १५ मेगाटनांचा झाला. अमेरिकेने आखून दिलेल्या धोक्याच्या क्षेत्राबाहेर मासेमारी करीत असलेल्या एका जपानी बोटीवर किरणोत्सर्गी राख पडली. २३ खलाशांना बाधा झाली आणि त्यांच्यापैकी एक, बोटीवरील बिनतारी संदेशचालक, २३ सप्टेंबर रोजी मरण पावला. त्यानंतर सहा आठवड्यांच्या आतच, ३ नोव्हेंबर रोजी, ‘गोजिरा’ हा चित्रपट जपानमध्ये प्रदर्शित झाला. पुढे ‘गॉडझिला’ या नावाने जगभर पोहोचलेल्या या चित्रपटाचा प्रारंभ होतो तो एका बोटीवरील खलाशांना दिसलेल्या प्रखर प्रकाशाने. जपानी प्रेक्षकांना त्याचा अर्थ समजावून सांगण्याची गरज नव्हती.

असे चित्रपट म्हणजे बालिश करमणूक, असे मानण्याची सुशिक्षितांची रीत आहे. रबरी पोशाखातील नट आणि त्याच्या पायाखाली चिरडली जाणारी खेळण्यातील शहरे पाहून हसू येणे स्वाभाविकही आहे. परंतु दिग्दर्शक इशिरो होंडा हे चीनमधील युद्धातून परतताना हिरोशिमाच्या राखेतून आले होते. १० मार्च १९४५ च्या एका रात्रीत टोकियोवरील बाँबफेकीत सुमारे एक लाख माणसे मेली होती. अवघ्या नऊ वर्षांनी पडद्यावर पुन्हा जळणारे टोकियो पाहणारा प्रेक्षक हसण्यासाठी आलेला नव्हता.

आपल्याकडील वाचकाला येथे भस्मासुराची आठवण होईल. मात्र हे साम्य फार दूर जात नाही. भस्मासुर ज्याने वर दिला त्याच्यावरच उलटला. त्या कथेत न्यायाचे एक सूत्र आहे. गॉडझिला मात्र बाँब बनविणाऱ्यांच्या राजधानीवर चालून जात नाही. बाँबचे चटके ज्यांनी आधीच सोसले, त्यांचेच शहर तो तुडवितो. शिवाय तो स्वतःही बाँबचा बळी आहे. समुद्रतळाशी असलेल्या या प्राण्याला हायड्रोजन बाँबच्या स्फोटांनी उठविले आहे. जो पीडित तोच पीडक, अशी ही विलक्षण अवस्था आहे. त्यामुळे प्रेक्षकाचा राग नेमका कोणावर ठरावा, हेच कळेनासे होते.

हा संभ्रम निव्वळ कलेतला नाही. त्याला राजकीय उपयोगही असतो. चित्रपटातील जपानी संसदेच्या प्रसंगात राक्षस आणि अणुचाचण्या यांचा संबंध जाहीर करावा की नाही, यावर वाद होतो. परराष्ट्रसंबंध बिघडतील म्हणून गप्प राहावे, असे एक पक्ष म्हणतो. सत्य सांगा, असे स्त्री-सदस्य बजावतात. वास्तवातही फारसे वेगळे घडले नाही. २ एप्रिल १९५४ रोजी पंडित नेहरूंनी लोकसभेत चाचण्या स्थगित करण्याचे आवाहन केले; चाचण्या चालूच राहिल्या. जानेवारी १९५५ मध्ये अमेरिकेने जपानला २० लाख डॉलर दिले, परंतु कायदेशीर जबाबदारी न स्वीकारता. १९५६ मध्ये अमेरिकेत दाखविलेल्या आवृत्तीतून अणुचाचण्यांविषयीची बरीचशी चर्चा आणि अखेरचा इशारा वगळण्यात आला व एका अमेरिकन वार्ताहराचे पात्र घुसविण्यात आले. राक्षस राहिला, कारण पुसले गेले.

जपानची बाजूही निर्मळ म्हणता येत नाही. ज्या मार्च महिन्यात बिकिनीची राख पडली, त्याच महिन्यात जपानी संसदेपुढे अणुशक्तीच्या संशोधनासाठी २३.५ कोटी येनची पहिली तरतूद मांडण्यात आली होती. अणूची भीती आणि अणूची आशा एकाच वेळी एकाच घरात नांदत होत्या. चित्रपटातील डॉ. सेरिझावा याची घालमेल हीच आहे. त्याच्या शोधाने राक्षस मरेल, पण तोच शोध उद्या राज्यकर्त्यांच्या हाती पडला तर? अखेरीस तो आपली कागदपत्रे जाळतो आणि राक्षसाबरोबर समुद्रतळाशी स्वतःलाही संपवितो. ज्ञान नष्ट करण्यासाठी ज्ञानी माणसाने मरावे, हा काही समाजाला अनुसरता येण्याजोगा मार्ग नव्हे.

पुढे संपन्नता आली आणि राक्षस माणसाळला. १९६४ च्या अखेरीस तो अंतराळातून आलेल्या तीन डोक्यांच्या शत्रूशी लढून पृथ्वीचा रक्षक बनला. १९७१ मध्ये त्याची झुंज हेडोरा या घाणीतून जन्मलेल्या प्राण्याशी झाली. मिनामाताचा पारा आणि योक्काइचीचा धूर यांनी जपान तेव्हा हादरला होता व त्याच वर्षी तेथे पर्यावरण संस्था स्थापन झाली. पण अणूच्या राक्षसाने रसायनांच्या राक्षसाचा समाचार घ्यावा, यातील विसंगती कोणाला फारशी खटकली नाही. २००१ च्या चित्रपटात तर पॅसिफिक युद्धात बळी पडलेल्यांचे आत्मेच त्याच्या देहात शिरतात आणि युद्ध विसरलेल्या जपानला जाब विचारतात. एकच प्रतीक आरोपी, रक्षक आणि फिर्यादी असे तिन्ही वेष घेते, ते उगाच नव्हे. ज्या समाजाचा हिशेब पुरा झालेला नसतो, त्याची प्रतीके अशीच रूपे पालटतात.

मार्च २०११ मध्ये भूकंप व त्सुनामीनंतर फुकुशिमाची अणुभट्टी कोसळली, तेव्हा ‘निसर्गापुढे इलाज काय?’ असे म्हणणे सोयीचे होते. परंतु जपानी संसदेने नेमलेल्या स्वतंत्र आयोगाने जुलै २०१२ मध्ये ही आपत्ती मानवनिर्मित असल्याचा निर्वाळा दिला. २०१६ च्या ‘शिन गोजिरा’त राक्षस शहरात शिरतो आणि मंत्री व अधिकारी एका बैठकीतून दुसऱ्या बैठकीत जात राहतात, याचे मर्म त्या निर्वाळ्यात आहे.

राक्षसाच्या प्रतीकाचे सामर्थ्य आणि धोका एकाच ठिकाणी आहेत. जे आकडेवारीने जाणवत नाही ते त्याच्या एका पावलाने जाणवते. आणि त्या पावलाच्या धुरळ्यात त्याला उठविणारा हात दिसेनासा होतो. धरण फुटते, वायू गळतो, पूल कोसळतो, तेव्हा संकट ‘ओढवले’ असे म्हणण्याची सवय केवळ जपानचीच नाही. कर्त्याला वाक्यातून वगळणारी ही भाषा सर्वांनाच सोयीची वाटते. तोटा होतो तो फक्त ज्यांची घरे पावलाखाली येतात त्यांचा. राक्षस मारण्याची युक्ती प्रत्येक चित्रपटात सापडते. त्याला कोणी जागे केले, हा प्रश्न मात्र १९५४ च्या संसदेतील त्या स्त्रियांप्रमाणे मोठ्याने विचारावा लागतो.