भूक दाबणाऱ्या गोळ्या आणि आपले रुग्णपत्रक

मुखशोष, निद्रानाश, हृद्द्रव, मलावष्टंभ आणि चित्ताची अस्वस्थता घेऊन एखादा तरुण रुग्ण समोर बसला, की आपण सहजच वातप्रकोपाचे निदान करतो व चिकित्सेस लागतो. तो आधीपासून कोणती गोळी घेत आहे, हे विचारण्याचे बहुधा राहून जाते. ही पाचही लक्षणे लिसडेक्सअम्फेटामीन या उत्तेजक औषधाचे ज्ञात दुष्परिणाम आहेत. म्हणून हा विषय वैद्यबंधूंपुढे मांडणे आम्हांस अगत्याचे वाटते.

अमेरिकेच्या औषध प्रशासनाने जानेवारी 2015 मध्ये हे औषध प्रौढांमधील मध्यम व तीव्र ‘बिंज ईटिंग डिसऑर्डर’साठी, म्हणजे अनावर अतिभोजनाच्या विकारासाठी, मान्य केले. वजन उतरविण्यासाठी ते नाही, असे त्याच्या माहितीपत्रकातच नमूद आहे. गैरवापर व व्यसनाधीनतेचा इशारा तर चौकटीत छापलेला असतो. नाडी व रक्तदाब वाढतो, आणि गंभीर हृद्रोग असलेल्यांस ते टाळावयाचे असते. परदेशी नोकरीस असलेली आपली मुले सुट्टीत सोलापुरास येतात, तेव्हा अशी गोळी त्यांच्या सामानात असू शकते.

या विकारास भस्मक समजण्याची चूकही होऊ नये. भस्मकात अग्नीच तीक्ष्ण असतो. येथे रुग्ण भूक नसतानाही खातो, एकांतात खातो आणि मागाहून लज्जित होतो. चरकाचार्यांनी क्षुधेस अधारणीय वेगांत गणले व तिच्या निग्रहाने कृशता, दौर्बल्य, अंगमर्द, अरुची, भ्रम होतात असे सांगितले. जेथे मूळ दुखणे मनाचे आहे, तेथे नुसती भूक दाबून काय साधणार, हा प्रश्न आपण विचारू शकतो. परंतु आपले घर आधी झाडून मगच.

सिब्युट्रामीनचे उदाहरण घ्यावे. भूक कमी करणारे हे औषध सुमारे 10,000 जोखमीच्या रुग्णांवर तपासले गेले, तेव्हा हृदयविकार, पक्षाघात आदी घटना 11.4 टक्के रुग्णांत आढळल्या. निष्क्रिय गोळी घेणाऱ्यांत त्या 10 टक्के होत्या. 2011 मध्ये भारतात त्यावर बंदी आली. त्यानंतरही निरनिराळ्या देशांच्या तपासण्यांत ते सापडले, आणि सापडले ते ‘वनौषधीयुक्त’ म्हणून विकल्या जाणाऱ्या चूर्णांत व कॅप्सूलांत. नाव आपल्या शास्त्राचे, गुण भेसळीचा! सोमलतेतील एफेड्रीनही याच जातीचे. श्वासरोगात तिचा उपयोग आम्ही नाकारत नाही. पण वजन घटविणाऱ्या एफेड्रायुक्त पूरकांवर अमेरिकेने 2004 मध्ये बंदी घातली, ती हृदयावरील परिणामांमुळेच. एफेड्रीनचा दुसरा प्रवास सोलापूरकरांस सांगावयास नको. 2016 मध्ये चिंचोळी औद्योगिक वसाहतीत ठाणे पोलिसांनी पकडलेला साठा टनांनी मोजावा लागला होता.

औषधालयाच्या मालकांस आमची विनंती एवढीच, की उत्पादन परवाना क्रमांक आणि घटकद्रव्यांची पूर्ण यादी नसलेले मेदोहर चूर्ण, त्यात नफा कितीही असो, दुकानात ठेवू नये. वैद्यबंधूंनी रुग्णपत्रकात ‘चालू असलेली इतर औषधे’ हा रकाना छापून घ्यावा, व तो रुग्णाकडून नव्हे तर स्वतः भरावा. उत्तेजक गोळी चालू असल्याचे कळल्यास ती परस्पर बंद करण्यास सांगू नये. लिहून देणाऱ्या मानसरोगतज्ज्ञास चिठ्ठी पाठवावी. विश्रांतीतही नाडी 100 च्या वर लागली, तर ती चिठ्ठी त्याच दिवशी जावी.